हक्क गावात ठेवून जाऊ नका

दसरा झाला की बालाघाटाच्या डोंगरावरची आपली गावं ऊसतोडीला हलायला लागतात. धारूर असो, वडवणी असो, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी असो. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाच्या गाड्या लागतात आणि गावात म्हातारी माणसं, शाळेतली थोडी लेकरं आणि दारांना कुलपं एवढंच राहतं. गाडीत काय काय चढतं ते मी लहानपणापासून बघते. पिठाचे डबे, ताडपत्री, बाजरीचं पोतं, पाण्याच्या टाक्या, शेळी, कोंबड्यासुद्धा. रेशनकार्ड मात्र घरातल्या पेटीत राहतं. आधार कुणाचं मुकादमाकडे, कुणाचं माहेरी. बाळंतपणाचं कार्ड खुंटीवरच्या पिशवीत. मग पाच-सहा महिने तिकडे आपलं माणूस कुठल्याच यादीत नसतं. अंगणवाडीची सेविका म्हणते तुमचं नाव गावाकडे, आणि गावातली म्हणते लाभार्थी गैरहजर.

लेकरांनो, तुम्ही दोघं यंदा पहिल्यांदा कोयता म्हणून निघालात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. सरकारच्या कागदावर तुम्ही दोन माणसं आहात आणि दोघांचा हक्क वेगळा आहे. आपल्या घरातल्या दोन पिढ्यांनी ऊस तोडला. मी अंगणवाडीत लागले म्हणून माझा कोयता सुटला, पण जाणाऱ्या-येणाऱ्या बाया आणि त्यांची लेकरं माझ्याच दारावरून गेली. कुणाचं वजन वाढलं, कुणाचं घटलं, कोण पोटुशी गेली आणि रिकाम्या हातांनी आली, हे सगळं मी माझ्या रजिस्टरात लिहिलंय. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगते. रेशन, दवाखाना, शाळा, अंगणवाडी यांतलं जवळजवळ काहीच आता गावाला बांधलेलं राहिलेलं नाही. जिथे जाल तिथे ते मागता येतं. पण ते आपोआप पाठीमागे येत नाही. कागद जवळ असला आणि स्वतःच्या तोंडाने मागितलं, तरच मिळतं.

आधी रेशन, कारण पोटाचा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य गटातल्या कार्डावर माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य महिन्याला मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. पूर्वी हे धान्य गावच्याच दुकानात मिळायचं. म्हणजे ज्यांना त्याची जास्त गरज, तेच अर्धं वर्ष त्याला मुकायचे. कारखान्याजवळच्या दुकानातून उधारीवर किराणा आणायचा आणि ती उधारी पुन्हा उचलीत, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढायची. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सुरू झालं. ज्या चार राज्यांत ते आधी लागू झालं त्यांत आपला महाराष्ट्र होता. २०२२ च्या जूनपर्यंत सगळी राज्यं त्यात आली. आता कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर असो की कर्नाटकातलं बेळगाव-बागलकोट, कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा बारा अंकी नंबर सांगायचा, मशीनवर अंगठा द्यायचा आणि धान्य घ्यायचं. कार्ड बदलावं लागत नाही, गावातून नाव कमी करावं लागत नाही, मुकादमाची चिठ्ठी लागत नाही. कर्नाटकात एक लक्षात ठेवा: तिथलं राज्य सरकार आपल्या लोकांना जे जास्तीचं देतं ते तुम्हाला मिळणार नाही. केंद्राच्या कायद्यातलं जेवढं आहे तेवढं मिळेल, आणि तिथल्या दुकानात जे धान्य वाटतात तेच मिळेल.

यात एक मेख आहे, ती नीट ऐका. कार्ड सगळ्या घराचं एकच असतं. गावात सासू-सासरे राहिले आणि त्यांनी महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या माणसांचं धान्य उचललं, तर तुम्ही तिकडे अंगठा लावाल तेव्हा मशीन म्हणेल, या महिन्याचं दिलं. मग दुकानदाराशी भांडून उपयोग नसतो. त्याची चूक नसते. धान्य वाटून उचलता येतं. चौघांचं कार्ड असेल तर दोघांचं गावात आणि दोघांचं तळावर, असं चालतं. पण ते घरात बसून आधी ठरवावं लागतं. कितीतरी घरांत यावरून सासू-सुनेचं वाजलेलं मी ऐकलंय, आणि दोघीही खऱ्या असायच्या. निघण्याच्या आदल्या दिवशी सासऱ्यांना सांगा: आमच्या वाट्याचं आम्ही तिकडे घेऊ, तुम्ही तुमचं उचला. म्हाताऱ्यांची बोटं मशीनवर उमटत नसतील तर त्यांच्या वतीने धान्य घेणारा माणूस नेमून देता येतो, त्याचीही सोय दुकानदाराकडून आताच लावून घ्या.

पोरी, तुझं नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे. लग्न होऊन वर्ष होत आलं. माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आण आणि इकडच्या कार्डावर नाव चढव. तोवर तुझे ५ किलो तिकडेच जमा होतात आणि उचलतं दुसरंच कुणीतरी. आधारवरचं नाव, रेशनकार्डावरचं नाव आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव एक असू दे. एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नवऱ्याचं, अशी गत असेल तर पुढे प्रत्येक योजनेत अडशील. ई-केवायसी झाली नसेल तर तीही उरकून टाका. ती आता कुठल्याही रेशन दुकानात होते, त्यासाठी गावी परत यायचं काम नाही.

बोटांचं बोलते. फडात दोन महिने गेले की पाचटाने हात चिरतात, कोयत्याच्या मुठीने घट्टे पडतात, बोटांच्या रेघा झिजतात. मग मशीन अंगठा घेत नाही आणि दुकानदार हात झटकतो. दहाही बोटं लावून बघायला सांगा. डोळ्याची खूण घेणारं मशीन असेल तर ते मागा. आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. दरवर्षी रिचार्ज संपला म्हणून नंबर बंद पडतो आणि नवं सिम घेतलं जातं. त्या एका गोष्टीपायी माणूस सहा ठिकाणी अडतो. घरात एकच फोन असेल तरी तुझ्या आधारला तुझा स्वतःचा नंबर असावा, असं माझं मत आहे. दुकानदाराने तरीही नाही म्हटलं तर १४४४५ हा याच कामासाठीचा फोन आहे, आणि १९६७ हा रेशनच्या तक्रारीचा. त्याच्यासमोर उभं राहून लावा.

आपल्यातल्या काहींचं कार्ड केशरी शेतकरी गटातलं आहे. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांत त्या गटाला २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. त्यांनी तिकडच्या दुकानात धान्य मागून उपयोग नाही; खातं आधारला जोडलेलं आहे का तेवढं बघावं.

तिकडे गेल्यावर कुणीतरी म्हणणारच, तुम्ही बाहेरचे, तुमचं इथे काही नाही. मान खाली घालू नका. कोल्हापूरला गेलात तर एक माहिती असू द्या. शहराजवळ वळिवडे आहे, आता तिथे गांधीनगरची बाजारपेठ आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले पोलंडचे सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बाया आणि लेकरं, १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. भाषा वेगळी, देव वेगळा, हजारो कोसांवरून आलेले. त्यांच्यासाठी तिथे शाळा होती, दवाखाना होता, राहायला खोल्या होत्या. अलीकडे २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, आपल्या राज्यातली तिथे डॉक्टरकी शिकणारी पोरं परत आली, ते सगळ्यांना आठवत असेल. तेव्हा युरोपातल्या देशांनी आठवडाभरात, ४ मार्चला, ठरवलं की युक्रेनमधून आलेल्या माणसाला राहण्याचा कागद, काम, लेकराला शाळा आणि दवाखाना मिळायचा. परक्या देशातून आलेल्यांना हे देता येतं. तुम्ही तर एकाच देशात, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात चाललात, आणि तिथला ऊस तुमच्या हातांनी कारखान्यात जातो. मागताना आवाज बारीक करायचं काहीच कारण नाही.

आता पोरी, तुझ्याशी बोलायचं आहे. हे पोराने ऐकलं तरी चालेल, ऐकलंच पाहिजे.

दिवस गेले तर लगेच, इथे असशील तर इथे आणि तिकडे असशील तर तिकडे, नाव नोंदव. माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते आधारइतकंच जपायचं. तळावर पोचलीस की पहिल्या सुट्टीच्या दिवशी ज्या गावाच्या शिवारात कोप्या पडल्या त्या गावाची अंगणवाडी आणि आशाताई कोण, ते विचारून घे आणि तिचा नंबर लिही. अंगणवाडीत नाव घालायला त्या गावचं रहिवासी असावं लागत नाही. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि सहा वर्षांपर्यंतचं लेकरू, कुठलंही असो, तिथे हक्काने जाऊ शकतं. सेविकेच्या मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर स्थलांतर दाखवायची सोय आहे. तिला सांगायचं, आमच्या गावच्या सेविकेकडून नाव इकडे घ्या. आमच्या वेळी हे नव्हतं. आम्ही चिठ्ठ्या लिहून द्यायचो आणि त्या चिठ्ठ्या कुठेतरी हरवायच्या.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. नुसतं बाळंतपण फुकट असं नाही; शस्त्रक्रिया करावी लागली तरी, औषधं, रक्त, तपासण्या, तिथलं जेवण, न्यायला आणि घरी सोडायला गाडी, सगळं. बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचाही उपचार. २०११ पासून ही जननी-शिशु सुरक्षा योजना आहे आणि ती कुठल्याही जिल्ह्यातल्या बाईला लागू आहे. १०२ ला फोन केला की गरोदर बाईसाठी गाडी येते, १०८ ला तातडीची. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्यासाठी नोंदणी, तपासणी आणि तुझ्या नावाचं आधारला जोडलेलं खातं लागतं. लाडकी बहीण योजनेचे दीड हजारही त्याच खात्यात येतात, म्हणून त्या खात्याचं एटीएम आणि पासबुक दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस.

बाळंतपण तिकडे झालं तर जन्माची नोंद तिकडच्याच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, आपल्या गावात होत नाही. २१ दिवसांच्या आत सांगायचं, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात झालं तर दवाखाना कळवतो. कोपीत झालं तर आपण जाऊन कळवायचं. आणि दाखला हातात घेतल्याशिवाय ते गाव सोडायचं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून नव्या जन्मलेल्या बाळाला शाळेपासून आधारपर्यंत हाच दाखला लागतो. मार्चअखेर हंगाम संपून पट्टा पडला, गाडी भरली, आणि दाखला राहिला की पुढे त्या एका कागदासाठी कर्नाटकात खेप मारावी लागते. लेकराचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं.

आणि पिशवीचं. हे मी प्रत्येक पोरीला सांगते. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळी जास्त जाते म्हणून डॉक्टरकडे गेलीस आणि त्याने पहिल्याच भेटीत गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल, असं सांगितलं, तर तिथून उठायचं. आपल्या जिल्ह्यावर हा डाग लागलाय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी पस्तिशीच्या आतल्या. का काढल्या? फडात पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, विश्रांती घेतली तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दुखणं साध्या औषधाने बरं होण्याजोगं असतं, पण वेळ कुणाला? मुकादमही उपचारासाठी उचल देतो. पिशवी काढल्यावर पुढे कंबर धरते, हाडं दुखतात, अंग पेटल्यासारखं होतं, आणि ऊस तर तसाच तोडावा लागतो. वर त्या शस्त्रक्रियेचं कर्ज.

या प्रकरणानंतर बीडमधल्या खाजगी दवाखान्यांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. ती मागितली का, एवढंच विचार. बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुसऱ्या डॉक्टरने तपासल्याशिवाय होकार देऊ नकोस. आणि पोरा, तिने एक दिवस मोळी उचलली नाही म्हणून पडलेला खाडा, तिच्या पिशवीपेक्षा महाग नाही. हे तू मुकादमाला सांगायचं, तिने नाही.

दुखण्याखुपण्याला आधी सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मोठं दुखणं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना. पूर्वी ती ठरावीक कार्डांनाच होती, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. डॉक्टरच्या आधी त्याला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. तातडीच्या वेळी फोनवरूनही मंजुरी घेता येते, म्हणून कागद नाही या कारणाने माणूस दारात थांबवू देऊ नका. १५५३८८ वर विचारता येतं. कर्नाटकात जाणार असाल तर आयुष्मान कार्ड काढून घ्या, ते देशभर चालतं. साप चावला तर मांत्रिकाकडे आणि खाजगीत वेळ घालवू नका. विषावरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात असतं.

अपघाताचं बोलताना जीभ जड होते, पण सांगते. रात्री तोडणी, भरलेली ट्रॉली, उतारावरची गाडी, विहिरीच्या कडेला पडलेल्या कोप्या. काही झालं तर त्याच हद्दीतल्या पोलीस ठाण्यात नोंद, पंचनामा, आणि मृत्यू असेल तर शवविच्छेदन, हे झालंच पाहिजे. दुःखात माणसं प्रेत घेऊन रातोरात गावी येतात. मुकादमही घाई करतो. मग पुढे कुठलाच दावा उभा राहत नाही. आपल्या घरात सातबारा आहे, अर्धा एकर का असेना. मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार आणि घरातला आणखी एक जण बसतो. अपघाती मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. अपघात कोल्हापुरात झाला म्हणून तो हक्क जात नाही. शिवाय बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणारा सुरक्षा विमा दोघांच्याही खात्यावर घ्या, तोही २ लाखांचा. तो १ जूनपासून ३१ मेपर्यंत असतो. मे महिन्यात खात्यात २० रुपये नसले की बंद पडतो, आणि ते कुणी कळवत नाही.

ओळखपत्र काढलं का? तोडणी करणाऱ्याची नोंद ग्रामसेवकाने करायची असते. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्या कार्डावर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजना चालतात. या महामंडळासाठी कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने, असं ठरलेलं आहे. म्हणजे तुम्ही तोडलेल्या प्रत्येक टनाचा त्यात वाटा आहे. नोंद मागची तीन वर्षं तोडणी करणाऱ्यांची होते. तुमचं पहिलंच वर्ष, म्हणून तुम्हाला लगेच मिळणार नाही. पण तोडणीच्या आणि वजनाच्या चिठ्ठ्या, करार, यांतलं काहीही फेकू नका, तिसऱ्या वर्षी पुरावा म्हणून लागेल. सासऱ्यांनी मात्र आयुष्य फडात काढलंय, त्यांचं कार्ड अजून नाही, हे बरोबर नाही. ते कार्ड तुम्ही निघण्याआधी करून घ्या. महामंडळाकडच्या अपघात विम्याचीही तेव्हाच चौकशी करा.

ई-श्रमवर नोंदणी १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला करता येते, पैसे लागत नाहीत. आणि कुणी एजंट म्हणाला की बांधकाम कामगार मंडळात नाव लावून देतो, भांड्यांचा संच मिळेल, तर त्याच्या नादी लागू नका. ते मंडळ बांधकामावर राबणाऱ्यांचं आहे. खोट्या दाखल्यावर मिळवलेली गोष्ट उद्या खऱ्या हक्काच्या आड येते, आणि ज्या गवंड्याचा तो हक्क त्याचा तो जातो.

तुमची थोरली जाऊ लेकरं घेऊन निघतेय, तिलाही हे सांगा. लेकरं शक्यतो नेऊ नका. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची यादी निघण्याच्या सुमाराला होते. मुख्याध्यापकांना जाऊन सांगावं लागतं की आम्ही चाललो, लेकरू आजीकडे राहील. न सांगता गेलात तर नाव यादीत येत नाही आणि आजीच्या एकटीच्या तव्यावर तीन लेकरं जेवतात. मोठ्या मुलांसाठी तालुक्याला संत भगवानबाबा वसतिगृहं सुरू झालीत. राज्यात ४१ तालुक्यांत ८२ मंजूर आहेत, निम्मी मुलींची. मुलगी चौदा-पंधराची झाली, मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न उरकून टाकतात आणि एक नवा कोयता तयार होतो. वसतिगृह हेच टाळण्यासाठी आहे, उन्हाळ्यातच जात आणि उत्पन्नाचे दाखले काढून ठेवावेत. लेकरं न्यावीच लागली तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या. शिक्षण हक्क कायद्याने तिकडची शाळा, दाखला नाही म्हणून, चौदा वर्षांपर्यंतच्या लेकराला नाकारू शकत नाही. दुपारचं जेवणही तिथेच मिळतं.

मुकादमाशी व्यवहार नीट ठेवा, वैर नको. उचल किती घेतली, कुठल्या तारखेला, कुणासमोर, हे तुमच्या वहीत तुमच्या अक्षरात लिहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनामागे २७३ वरून ३६६ रुपये. तो हिशेब तुम्हाला तोंडपाठ हवा. आधारची झेरॉक्स द्या, मूळ आधार, पासबुक, रेशनकार्ड देऊ नका. कोऱ्या चेकवर, कोऱ्या स्टॅम्पवर सही किंवा अंगठा कधीच नाही. आणि उचल फिटली नाही म्हणून कुणी तुम्हाला किंवा घरातल्या माणसाला अडकवून ठेवलं, तर तो १९७६ च्या वेठबिगारी कायद्याखाली गुन्हा आहे. पैशाचा वाद वेगळा, माणूस कोंडणं वेगळं. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करता येते. वकिलाला पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा फोन. बाईला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो.

कचेरीत बोलायची एक पद्धत असते. ओरडायचं नाही, रडायचं नाही. नाही म्हणाले तर शांतपणे म्हणायचं, साहेब, का नाही ते लिहून द्या. अर्ज दिला की पोच घ्यायचीच. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात दाखल्यांना दिवस ठरवून दिलेत. लिहून द्यायची वेळ आली की निम्मी कामं तिथेच होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि जाताना एकटीने जाऊ नका, टोळीतल्या दोघी-तिघी मिळून जा. मुकादमाला पाठवू नका. तो तुमच्यासाठी मागेल, पण उपकार म्हणून मोजेल.

सगळे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, त्यांचे फोटो दोघांच्या फोनमध्ये, आणि एक झेरॉक्सचा संच घरी सासऱ्यांकडे. कोपीला आग लागते, अवकाळी पाऊस येतो. पिशवी उशाशी ठेवा. सासू-सासऱ्यांच्या श्रावणबाळचे दीड हजार हयातीच्या दाखल्यावाचून अडतात, तो दाखला तुम्ही इथे असतानाच देऊन जा.

गाडी लागायला अजून आठ-दहा दिवस आहेत. रेशनकार्डातलं नाव, आधारला जोडायचा मोबाइल नंबर आणि सासऱ्यांचं ओळखपत्र, ही तीन कामं त्याआधी व्हायला हवीत. उद्या सकाळी ग्रामपंचायतीत जा, दोघंही जा.